कडू कंदांचं डबकं

त्या साली पाऊस वेळेआधीच आटोपला आणि ओढ्याकाठची डबकी निम्म्यावर आली. चिखलात खणलेली ती डबकी म्हणजे गावातल्या बायकांची खरी मालमत्ता. शेतातून कसाव्याचे कंद उपटायचे, पाटीत भरून डोक्यावरून आणायचे आणि आपापल्या जागेत बुडवून ठेवायचे. प्रत्येकीची जागा काठी रोवून राखलेली. दुसरीच्या काठीआतल्या कंदाला हात लावायचा नाही, हा नेम सासूकडून सुनेकडे आलेला. शेताच्या बांधावरून भांडण झालं तर पुरुष मिटवत. डबक्यातल्या जागेवरून झालं तर कोणी मध्ये पडत नसे, कारण पडणाऱ्याला दोन्हीकडून शिव्या बसत.

मासेलाची जागा काठावरची होती, ती सगळ्यात आधी कोरडी पडली. तिच्यासारख्या आणखी बऱ्याच होत्या. मग बायकांनी आपसात ठरवलं, मधल्या भागात जे पाणी उरलंय त्यात सगळ्यांनी आळीपाळीनं कंद घालायचे. संध्याकाळी घालायचे, सकाळी काढायचे, लगेच दुसरीचे आत. पूर्वी तीन रात्री ठेवत. कंद अंगठ्यानं दाबला की लोण्यासारखा दबला पाहिजे आणि पाण्याला आंबूस वास सुटला पाहिजे, तेव्हा कुठे काढायचे. आता एका रात्रीत ते दगडासारखेच राहत. पण सुरीनं चिरून वाळत घातले की वाळायचे, आणि कुटले की पीठही व्हायचं. शिवाय ट्रकवाल्याला तसलेच हवे असत. रस्ता दुरुस्त झाल्यापासून दर बाजाराला किन्शासाचा ट्रक येऊ लागला होता, आणि तो वास मारणारे, पिवळट काप उचलायलाच तयार नसे. पांढरेशुभ्र, खडखडीत काप दाखवले की म्हणे, "असा माल द्या, बाई. शहरातल्या लोकांना नाक असतं."

बायका हसत. मासेलाही हसे. तिचा नवरा त्साकाला हिरे खणायला सरहद्दीपलीकडे गेला होता, त्याला दोन कोरडे हंगाम उलटून गेले. निरोप नाही, कपडा नाही. घरात सासू किबेती, दोन मुलं आणि शेजारच्या झोपडीत थोरला दीर मिम्बुलू. ट्रक येतो म्हणून मीठ मिळतंय, साबण मिळतोय, हे तिला दिसत होतं. घरातल्या शेंगा ट्रकवर गेल्या, घेवडा गेला, तरी कंद होतेच की. सकाळी लुकू, संध्याकाळी लुकू. पिठाचा गरगट्ट गोळा आणि सोबत कसाव्याच्याच पाल्याची भाजी. कधी सुकी मासळी किंवा सुरवंट मिळाले तर ते आधी मिम्बुलूच्या थाळीत जात. घरातल्या पुरुषाचं पोट भरल्यावर बायकापोरांनी बसायचं, ही रीतच होती. ताटात उरायचा तो रस्सा.

एकटी म्बांगू म्हातारी या ठरावाला बधली नाही.

तिची जागा डबक्याच्या मधोमध, खोलगट. तिच्यात अजून मांडीभर पाणी होतं. म्हातारी तिथे कंद घालायची आणि तीन रात्री काठीलाही हात लावू द्यायची नाही.

"आजी, लोकांची चूल थांबलीय तुमच्यापायी," एक बाई म्हणाली.

"थांबू दे. मला आंबूस झाल्याशिवाय लुकू गिळवत नाही. घशात अडकतो."

"ट्रकवाला घेणार नाही हो असला माल."

"मी ट्रकवाल्याशी लग्न लावलंय का? मी मला आणि नातवंडांना रांधते. सरक तिकडे, पाणी ढवळू नको."

किबेती तिथेच कंद सोलत होती. ती आणि म्बांगू एकाच वर्षी या गावात सून म्हणून आलेल्या, आणि तेव्हापासून दोघींचं कधी पटलं नव्हतं. ती मासेलाच्या कानाशी येऊन पुटपुटली, "बघून ठेव हिला. पाणी पिऊन बसलीय गावाचं."

कंद त्या वर्षी फार कडू होते. पाऊस नसला की कडवटपणा चढतो, हे सगळ्यांनाच माहीत. जेवण झालं की डोकं गरगरायचं, मळमळायचं, कधी कोणी भिंतीला धरून बसायचं. पोरं त्याला लुकूची झिंग म्हणायची आणि मुद्दाम दारुड्यासारखी चालून दाखवायची. "घ्या, फुकटची ताडी," असं म्हणून मिम्बुलूही हसायचा. मासेलाची मुलगी लुकेनी ही नक्कल सगळ्यात झकास करायची. बारा वर्षांची पोर, उंच, काटक, डोक्यावर घागर घेऊन धावायची आणि थेंब सांडायची नाही.

त्याच लुकेनीचे पाय एका सकाळी गेले.

आदल्या दिवशी ती लाकडं आणायला लांब जाऊन आली होती. सकाळी पाण्याला निघाली, अंगणाच्या टोकाला पोचली आणि तिथेच उभी राहिली. मासेला उखळात पीठ कुटत होती. तिनं हाक मारली, "काय झालं गं?" लुकेनी म्हणाली, "आई, पाय ऐकत नाहीत." तिचे गुडघे थरथरत होते. एक पाऊल टाकायला गेली तर दोन्ही पाय एकमेकांवर चढले आणि ती तोंडावर आपटली. घागर फुटली. मासेलानं मुसळ टाकलं, धावत जाऊन तिला उचललं. ताप नव्हता, सूज नव्हती, कुठे दुखतही नव्हतं. पाय मात्र लाकडासारखे ताठ झाले होते. वाकवू गेलं तर झटका देऊन पुन्हा सरळ होत. टाच जमिनीला टेकेना.

किबेतीनं नुसतं पाहिलं आणि ती मटकन खाली बसली. "कोन्झो," ती म्हणाली.

शिकारी हरणाच्या वाटेवर जी करणी पुरतात, तिलाच कोन्झो म्हणतात. हरीण तिच्यावरून गेलं की पाय बांधले जातात. लहानपणी किबेतीनं माणसांनाही असं झालेलं पाहिलं होतं. त्यानंतर नाही. आता एका महिन्यात गावात पाच जणांचे पाय बांधले गेले. तीन पोरं आणि अंगावर पिणारी मुलं असलेल्या दोन बायका. पुरुष एकही नाही.

देवऋषी आला. त्यानं कोंबडं कापलं, राख उडवली आणि लुकेनीच्या नडग्यांवर बोटं फिरवली. मग म्हणाला, "करणारी बाई आहे. वयानं मोठी. पाण्याजवळची. ती नदी ओलांडून गेली की गाठ सुटेल, पोरगी उठेल."

त्यानं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. पाण्याजवळची म्हातारी एकच, आणि तिची चारही नातवंडं गावभर हुंदडत होती. हेच तर लोकांच्या डोळ्यांत खुपलं. सगळ्यांची पोरं पडली आणि हिची कशी नाही पडली? दुसऱ्या दिवसापासून म्बांगूच्या दारावरून कोणी जाईना. पोरांना ताकीद मिळाली, तिच्या हातचं काही खायचं नाही, तिच्या सावलीत उभं राहायचं नाही. कोणीतरी तिच्या परसातलं केळीचं झाड रात्रीतून तोडलं. म्हातारी सकाळी ते ओढत ओढत बाजूला करत होती आणि लोक बघत होते.

लुकेनी मात्र खुलली. खरंच खुलली. देवऋषी बोलला ते शब्द तिनं मुठीत धरून ठेवले होते. रोज सकाळी चटईवरून विचारायची, "आई, म्बांगू आजी कधी जाणार?"

"मुखियाकडे बैठक होईल तेव्हा."

"मग त्याच दिवशी उठता येईल, की दुसऱ्या?"

"त्याच दिवशी," किबेती आतून सांगायची. "नदी ओलांडली की लगेच."

मासेला पोरीच्या पायांना तेल चोळत राहायची. तिलाही तेच हवं होतं. म्हातारी कुठेही जाऊ दे, मरू दे, पोरगी उठू दे.

बैठकीच्या आधी तालुक्याच्या दवाखान्यातला मायाला सायकलवर आला. नर्सचं काम करणारा शांत, घामाघूम माणूस. त्यानं पडलेल्या पाचही जणांना तपासलं, गुडघ्यावर टिचकी मारून पाहिली. मग त्यानं दहा घरांतून चिमूट चिमूट पीठ मागून घेतलं, ते छोट्या बाटल्यांत घातलं, वर थेंबभर पाणी टाकलं आणि प्रत्येकीत पिवळ्या कागदाची पट्टी सोडून बूच लावलं. रात्री तो मुखियाकडे राहिला. सकाळी बाटल्या ओळीनं मांडून त्यानं सगळ्यांना बोलावलं.

नऊ पट्ट्या तांबूस पडल्या होत्या. एक पिवळीच राहिली होती.

"कागद तांबडा पडला म्हणजे पिठात विष आहे," मायाला म्हणाला. "सायनाइड म्हणतात त्याला. हे काही कोणी घातलेलं नाही, कंदातच असतं. उंदरा-डुकरांनी खाऊ नये म्हणून कंद ते बाळगतो. पाण्यात भिजत राहिलं की निघून जातं, पण पाण्याला वेळ द्यावा लागतो. एका रात्रीत जात नाही. मासळी-शेंगा पोटात असल्या तर अंग थोडं तरी झुंजतं. तेही तुम्ही विकताय."

"आणि ही पिवळी कुणाची?" मुखियानं विचारलं.

"म्बांगू आजींची. तीच बघा. यांनी तीन रात्री भिजवलं."

मायालाला वाटलं, झालं आपलं काम. तेवढ्यात किबेती उठली. "पाहिलंत ना सगळ्यांनी? सगळ्या गावाच्या पिठात विष, आणि हिच्याच पिठात नाही. मग हिचं विष गेलं कुठे? आमच्या घरात आलं. कागदसुद्धा सांगतोय."

लोकांत कुजबूज झाली. मिम्बुलूनं मान डोलावली. मायालानं पिवळ्या पट्टीची बाटली पुन्हा वर धरली.

"साहेब, आमच्या आज्या-पणज्या हेच कंद खाऊन म्हाताऱ्या झाल्या," मुखिया त्याला समजुतीनं म्हणाला. "तुमचं औषध असेल तर द्या."

"औषध नाही," तो म्हणाला.

निघताना तो मासेलाच्या अंगणात थांबला. सायकलची चेन बसवता बसवता, लुकेनीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलला. "बाई, तिचे पाय परत येणार नाहीत. याहून बिघडणार नाहीत, पण येणारही नाहीत. काठीनं चालायला शिकवा तिला. आणि हा धाकटा आहे ना, याला जपा."

धाकटा म्वेला सायकलच्या घंटीशी खेळत होता. मासेलानं पोराचा हात घंटीवरून ओढून घेतला. मनात म्हणाली, हा कोण लागून गेला? देवऋषी म्हणतो उठेल, आणि हा सायकलवाला म्हणतो नाही उठणार. तिला त्याचा रागच आला.

पण त्याच आठवड्यात संध्याकाळी जेवण झाल्यावर म्वेला अंगणात ओकला. ओकून उठायला गेला तर त्याचे गुडघे लटलटले. एकदाच. लगेच तो सावरला आणि हसत म्हणाला, "बघ ताई, झिंग." चटईवर बसलेल्या लुकेनीकडे बघत त्यानं दारुड्याची चाल करून दाखवली. लुकेनी हसली नाही. मासेलानं त्याला जवळ ओढून गुडघे चाचपले. म्बांगू म्हातारी तर तीन दिवस झाले घराबाहेरच पडली नव्हती. मग या पोराच्या गुडघ्याला कोणी हात लावला?

रात्रभर ती जागी राहिली. तिचं माहेर आठवलं. आई अंगठ्यानं कंद दाबून बघायची आणि कडक लागला की परत बुडवायची. घरी पोरं भुकेनं रडायची तरी बुडवायची. मग आठवलं की गेल्या तीन महिन्यांत आपण एकदाही अंगठा लावून पाहिला नाही. उघड्या डोळ्यांनी कडक कंद चिरले, आपल्याच हातानं कुटले आणि आपल्याच हातानं पोरांना भरवले.

सकाळी तिनं कंद डबक्यात घातले आणि घरी येऊन सांगून टाकलं, "सासूबाई, हे तीन रात्री राहणार."

"तीन रात्री? आणि तोवर खायचं काय, तुझं तोंड?"

"पाला खाऊ. पपया आहेत कच्च्या."

"तो मायाला तुझ्या कानात काय फुंकून गेला ते मला कळलंय बरं का," किबेती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मासेला शेतातून परतली तेव्हा कंद अंगणात चिरून वाळत पडले होते. किबेतीनं स्वतः जाऊन काढून आणले होते. "ट्रक उद्या येणार. उरलेलं रांधून टाक," एवढं बोलून ती वळली. मासेला त्या पांढऱ्या कापांकडे बघत उभी राहिली. रांधलं नाही तर पोरगा उपाशी. रांधलं तर त्याचे पाय. शेवटी तिनं पपई उकडली. म्वेलानं दोन घास खाल्ले आणि रुसून बसला.

बैठक दोन दिवसांनी भरली. मुखियाच्या छपराखाली पुरुष बाकांवर, बायका जमिनीवर. मध्ये म्बांगू म्हातारी, तिच्यासमोर तिचं गाठोडं आणि पातेलं. बैठकीला येताना घरातली चीजवस्तू सोबत आणायची. निकाल विरुद्ध गेला तर परत घरात पाऊल टाकायचं नसतं. मिम्बुलूनं लुकेनीला पाठीवर घेऊन आणलं, कारण जिच्यावर करणी झाली तिनं समोर बसावं लागतं. लुकेनीनं नवी चोळी घातली होती. केस विंचरून घेतले होते. घरी परतताना चालत यायचं होतं ना तिला.

मुखियानं म्हातारीला विचारलं, "काही सांगायचंय?"

"काय सांगू? माझे दात गेलेत, मला कडक लुकू चावत नाही, म्हणून तीन रात्री भिजवते. माझी आई भिजवायची. यापलीकडे मला काही येत नाही. या गावात माझे चार मुलगे पुरलेत. नदीपलीकडे मला कोण आहे?" तिचा आवाज चिरका झाला होता, पण ती रडली नाही. तिची नातवंडं छपराच्या कडेला दाटीवाटीनं उभी होती.

"आणखी कोणाला बोलायचंय?"

मासेला उठली.

"मी कंद एका रात्रीत काढले," ती म्हणाली.

"ते आत्ता कशाला?" मिम्बुलू म्हणाला.

"भावजी, ऐका. लुकेनी पडली त्याच्या आदल्या दिवशी तिनं जे खाल्लं ते मी रांधलं होतं. कंद कडक होते. मी दाबून पाहिले नाहीत. म्बांगू आजी आमच्या घरात आली नाही, आमच्या चुलीजवळ आली नाही. पोरीच्या तोंडात घास घातला तो मी."

बायका खाली बघत होत्या. प्रत्येकीनं तेच केलेलं होतं, आणि प्रत्येकीला ते माहीत होतं. मासेला वाट बघत राहिली की एक तरी उठेल. कोणी उठलं नाही.

मिम्बुलू सावकाश म्हणाला, "म्हणजे पोरीचे पाय तू बांधलेस."

"हो. मी."

"आई," लुकेनी बसल्या जागेवरून म्हणाली. "आई, गप्प बस ना."

मासेलाला ते ऐकू आलं. जन्मभर ऐकू येत राहील असं ऐकू आलं. पण आता मागे फिरायचं नव्हतं. ती म्बांगूसमोर जाऊन बसली. पातेल्याकडे बोट केलं. "आजी, यात काही आहे?"

"सकाळचा लुकू आहे. गार झालाय."

"द्या."

म्हातारीनं झाकण काढलं. मासेलानं गोळा तोडला, तोंडात घातला, चावून गिळला. आंबूस, मऊ. मग तिनं म्वेलाला हाक मारली. पोरगा जागचा हलेना. महिनाभर त्याला सगळ्यांनी बजावलं होतं, हिच्या हातचं खाल्लंस तर मरशील. त्यानं किबेतीकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं.

"ये. मी देतेय," मासेला म्हणाली.

तो आला. तिनं भरवलं. बायकांमधून कोणीतरी हुंदका दिला. किबेती ओरडली नाही की उठली नाही. तिनं पदर तोंडात कोंबला होता.

मुखियानं हात वर केला. मग म्हणाला, "या पोरानं सगळ्यांसमोर हिच्या हातचं खाल्लंय. आता म्हातारीला घालवली आणि पोरगा पडला, तर खरं काय ते कधीच कळायचं नाही. पाऊस लागेपर्यंत ती इथेच राहील. पोरगा चालता राहिला तर विषय संपला. पडला तर मी स्वतः तिला नदीपार सोडीन." आणि मासेलाकडे बघून म्हणाला, "आणि तुझ्या तोंडचं आम्ही ऐकलंय. ते त्साकाला आल्यावर त्यालाही कळेल."

लोक उठले. मिम्बुलूनं लुकेनीला पुन्हा पाठीवर घेतलं. ती वाटभर त्याच्या मानेत तोंड खुपसून होती.

त्यानंतर पोरगी आईशी बोलेना. तेल चोळायला गेलं की पाय आखडून घेई. मासेलानं एकदा तिच्याजवळ बसून सांगायचा प्रयत्न केला. "बाळ, गाठ नव्हतीच. कोणी बांधलंच नव्हतं, तर सुटणार काय?" लुकेनी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तू बोलली नसतीस तर ती गेली असती. मी उठले असते." यावर मासेला बाहेर येऊन अंगण झाडत राहिली. झाडून झालेलं अंगण पुन्हा झाडत राहिली.

तिनं पुन्हा कंद घातले. बायकांनी आपल्या पाट्या तिच्यापासून लांब सरकवल्या. म्बांगूनं काही न बोलता आपली काठी उपटली आणि वीतभर पलीकडे रोवली. खोलगट पाण्यात मासेलापुरती जागा झाली.

पहिला दिवस उरल्यासुरल्या पपयांवर कसाबसा निघाला. म्बांगूच्या पातेल्यातलं ती रोज कसं मागणार? तिथेही चार तोंडं होतीच. दुसऱ्या रात्री म्वेला भुकेनं इतका रडला की शेजारी मिम्बुलू दोनदा खाकरला. सकाळी दुरून ट्रकचा भोंगा ऐकू आला. पोरगा पालथा पडून पोट चटईवर दाबत होता, हुंदके देत होता. किबेतीनं पाटी आणून मासेलाच्या पायाशी ठेवली.

"पुरे झालं. दोन रात्री झाल्या. अर्धं तरी निघालं असेल ना ते विष? आण जा. मला बघवत नाही हे."

मासेलालाही बघवत नव्हतं. एक रात्र कमी झाली तर काय होतं, असं तिच्याही मनात आलं. तिनं पाटी उचलली, काखेत धरली आणि उंबऱ्यापर्यंत आली.

"आई."

कित्येक दिवसांनी ही हाक आली होती. लुकेनी हातांवर जोर देऊन चटईवर उठून बसली होती. ताठ पाय तिच्यासमोर एकमेकांवर चढून पडले होते.

"कुठे चाललीस?"

"कंद काढायला. म्वेला रडतोय गं."

"तिसरी रात्र कुठे झालीय?"

मासेलानं पाटी दुसऱ्या काखेत घेतली.

लुकेनीनं आपल्या पायांकडे पाहिलं. मग आईकडे. "खरं सांग. माझे परत येणार नाहीत ना?"

किबेती मध्येच काहीतरी बोलायला गेली. मासेलानं तिला हातानं थांबवलं. पाटी खाली ठेवली, पोरीसमोर उकिडवी बसली, आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "नाही गं बाळा. नाही येणार."

पोरगी रडली नाही. बाहेर ट्रकचा भोंगा पुन्हा वाजला. म्वेला उठून दारात आला आणि चौकटीला धरून मुसमुसत उभा राहिला.

"मग रडू दे त्याला," लुकेनी म्हणाली. "स्वतःच्या पायानं दारापर्यंत आलाय ना तो? रडू दे."

मासेलानं पाटी उचलून आढ्याला टांगली. किबेती तेलाची वाटी घेऊन नातीजवळ बसली, तिचा एक पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि चोळू लागली. या वेळी लुकेनीनं पाय आखडून घेतला नाही.